घाटांच्या मेळातलं पाणी : वरवट बकालहून सातपुड्याची एक दिवसाची फेरी

वरवट बकालच्या कुठल्याही वावरात उभं राहून उत्तरेकडं पाहिलं की सातपुडा दिसतो. उन्हाळ्यात धुळीमागं तो पुसट होतो, पण बरसात सरल्यावर, कापूस फुटायला लागतो त्या दिवसांत, त्याच्या घड्या मोजता येतील इतका जवळ येतो. इकडची माणसं त्याला सातपुडा म्हणत नाहीत. ती नुसतं ‘पहाड’ म्हणतात. या पहाडाकडं आपण बहुतेक वेळा भिंतीसारखं पाहतो : गावं इकडं, जंगल तिकडं. ही नजर जुनी नाही. ‘मेळघाट’ हा शब्दच घाटांचा मेळ सांगतो. वऱ्हाडातून निमाडात, तापीकाठी आणि पुढं उत्तरेत जाणाऱ्या वाटा जिथं एकत्र येत होत्या, तो हा मुलूख. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाडची ओळख करून दिली ती दोन डोंगररांगांमधला प्रदेश अशी. त्यातल्या उत्तरेच्या रांगेवर त्याने गाविल, नरनाळा आणि मेळगड हे किल्ले नोंदवले आहेत.

या लेखात ज्या फेरीबद्दल लिहितो आहे ती गाडीने एका दिवसात होते. वरवट बकालहून बावनबीर, टुनकी, सोनाळा. तिथून पायथ्याच्या कडेनं हिवरखेड, वारी, अडगाव आणि अकोट. अकोटहून पोपटखेडच्या घाटानं मेळघाटात शिरून हरिसाल, धारणी. मग देडतलाई, खकनारवरून बुऱ्हाणपूर. आणि संध्याकाळी करोली घाट ओलांडून जळगाव जामोद, संग्रामपूरमार्गे परत घरी. अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. पहाटे पाचला निघालं नाही तर फेरी पुरी होत नाही, कारण व्याघ्रप्रकल्पातून जाणारा रस्ता रात्री बंद असतो, नाक्यावर गाडीची नोंद होते आणि जंगलात वेग मुद्दाम कमी ठेवावा लागतो. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, तेव्हा अकोटला चौकशी करूनच पुढं जावं. दिवाळीनंतरचे पंधरा-वीस दिवस सर्वांत चांगले. गवत पिवळं पडू लागलेलं असतं आणि ओढ्यांना अजून पाणी असतं.

हे सगळं पाहण्यासारखं आहेच. पण या रस्त्याची खरी गंमत दृश्यांच्या पलीकडं आहे. सपाटीवरची माणसं पितात ते पाणी आणि डोंगरात सुटत गेलेली गावं यांचा हिशेब या एका फेरीत डोळ्यांसमोर मांडला जातो, आणि तो कुठल्याही अहवालापेक्षा नीट कळतो.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. वरवट नावाची गावं या भागात एकाहून अधिक आहेत, म्हणून पुढं ‘बकाल’ लागलं असावं. आज हा शब्द ऐकला की घाण, अवकळा आलेली वस्ती डोळ्यांसमोर येते आणि बाहेरगावचे पाहुणे हसतात. ‘वाणी-बकाल’ या जोडशब्दातला बकाल मात्र किराणा विकणारा. मूळ अरबी ‘बक्काल’. शेगाव, जळगाव जामोद आणि तेल्हाऱ्याकडचे रस्ते जिथं एकत्र येतात त्या गावाला दुकानदाराचं नाव मिळणं मला तरी स्वाभाविक वाटतं.

गावापासून दक्षिणेला, पूर्णेकडं जावं तसं पाणी खारट होत जातं. हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला असून त्याचं क्षेत्र साडेचार हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा थर काही ठिकाणी तीनशे मीटरहून खोल आहे. इथं पूर्वी समुद्र होता, असं गावोगाव सांगतात. भूवैज्ञानिकांचं म्हणणं वेगळं : जमीन खचत गेली, गाळ साचत गेला, निचरा कुंठला आणि कोरड्या हवामानात बाष्प उडून क्षार मागं राहिले. कारण काहीही असो, अनुभव जुना आहे. पूर्णाकाठच्या दहीहंडा भागात एके काळी विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढलं जाई. जिथं विहिरीतून मीठ निघतं तिथं विहीर ओलिताला उपयोगी नाही. म्हणून या पट्ट्यात कापूस, तूर, हरभरा, ज्वारी; सगळा भरवसा आभाळावर. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकारानं माणसं गेलेली घरं शोधावी लागत नाहीत, आणि लोक त्याचा दोष पाण्यालाच देतात.

गजानन महाराजांच्या चरित्रातला अकोलीचा प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचावा. भर उन्हात तहानलेले महाराज भास्कर पाटलांकडं पाणी मागतात, ते झिडकारतात आणि महाराज वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या विहिरीला पाणी आणतात. दुसऱ्या प्रांतात हा चमत्कार सोन्याचा किंवा धान्याचा झाला असता. इथं तो गोड पाण्याचा आहे.

गाडी बावनबीर, टुनकी ओलांडून सोनाळ्याकडं लागली की वीस किलोमीटरच्या आतच पिकं बदलतात. हा बदल इतका पटकन होतो की गप्पांत असलं तर चुकतो. कपाशीच्या जागी संत्र्याच्या बागा येतात. पुढं हिवरखेड, अकोटच्या बाजूला केळी, पानमळे आणि पानपिंपरी. पानपिंपरी ही वेल बाहेर फारशी कुणाला ठाऊक नाही. तिच्या कणसासारख्या फळाला औषधी बाजारात मागणी असते, आणि अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी या पायथ्याच्या पट्ट्यात बारी समाजानं ती पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. तिला सावली लागते आणि गोडं पाणी लागतं. भूगर्भाचा नकाशा हाती नसला तरी चालेल, पानमळा कुठं सुरू होतो ते पाहावं. तिथं खारपाण संपलेलं असतं.

असं का होतं, हे सोनाळ्याच्या पुढं एखाद्या ओढ्यात उतरलं की कळतं. सातपुड्याचा दक्षिण उतार हळूहळू मावळत नाही, तो तुटल्यासारखा खाली येतो. गाविलगड प्रस्तरभंग या नावानं ओळखली जाणारी भेग या पायथ्याच्या कडेनं पूर्व-पश्चिम गेलेली आहे. उत्तरेकडचा बेसाल्टचा भाग उंच राहिला, दक्षिणेकडचा खचला आणि खचलेल्या भागात पूर्णेचा गाळ भरला. डोंगरातून धावत येणारे ओढे या तुटीपाशी एकदम सपाटीला लागतात. त्यांचा जोर संपतो आणि बरोबर आणलेले धोंडे, गोटे, वाळू ते तिथंच टाकतात. अशा गोट्यांचा जाड पट्टा सगळ्या पायथ्याशी तयार झालेला आहे. भूजलाच्या भाषेत त्याला ‘बझाडा’ म्हणतात. त्यात पाणी भसाभसा मुरतं. पावसाळ्यात ओढा भरून आला, आणि दोन कोसांवर जाऊन पाहिलं तर पात्रात फक्त गोटे, असं इथं नेहमीचं. पाणी नाहीसं होत नाही, खाली जातं. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत संत्रा आणि केळीसाठी विंधनविहिरींनी तेच वर ओढलं. मुरण्यापेक्षा उपसा जास्त झाला आणि पातळी खोल गेली. आता बागाईतदारालाही आभाळाकडं पाहावं लागतं.

वारीला वान नदी डोंगरातून बाहेर पडते. दोन्ही बाजूंनी कातळ, मध्ये डोह, काठावर मारुतीचं देऊळ. समर्थ रामदासांनी हा मारुती स्थापला, अशी श्रद्धा आहे. डोहात पोहायला उतरू नये, दरवर्षी कुणी ना कुणी दगावतं. देवळाच्या वरच्या अंगाला हनुमान सागर हे धरण आहे, उंची साधारण ६८ मीटर, साठा सुमारे ८२ दशलक्ष घनमीटर. मोठ्या धरणांपुढं हा आकडा किरकोळ वाटेल. पण अकोट, तेल्हारा ही गावं, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर परिसरातली एकशे चाळीस गावांची पाणीपुरवठा योजना असं कितीतरी या एका साठ्यावर अवलंबून आहे. शिवाय कालव्यावरची शेती आहेच. अकोला शहरालाही यातलं पाणी द्यायचं ठरलं तेव्हा तेल्हाऱ्याकडच्या शेतकऱ्यांनी आंदोलन केलं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. ज्याच्या विहिरीला खारं पाणी आहे त्यालाही प्यायला हवं, आणि ज्याची जमीन लाभक्षेत्रात आहे त्यालाही ओलीत हवं.

धरणाच्या भिंतीवरून उत्तरेकडं पाहावं. पाण्यामागं साग, धावडा, सालईचं जंगल थेट क्षितिजापर्यंत. या पाण्याचा जवळजवळ प्रत्येक थेंब त्या जंगलातून येतो, आणि त्या जंगलात आता फारसं कुणी राहत नाही. त्या गोष्टीकडं थोडं पुढं येऊ.

हिवरखेडहून अकोटकडं जाताना अडगाव लागतं. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इथल्या मैदानात आर्थर वेलस्लीनं नागपूरकर भोसल्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. तहातलं एक कलम आपल्या विषयाशी जोडलेलं आहे. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख रघूजी भोसल्यांनी सोडला, पण नरनाळा आणि गाविलगड हे दोन किल्ले आणि त्यांच्या लगतचा प्रदेश स्वतःकडं ठेवला. सपाटी गेली तरी पहाड हातचा जाऊ द्यायचा नाही, ही समज त्या तहात दिसते.

पोपटखेडनंतर चढ सुरू होतो. उजव्या हाताला शहानूरच्या वर नरनाळा आहे. किल्ल्याचा महाकाली दरवाजा पाहण्यासाठी स्वतंत्र दिवस काढावा. शिलालेखाप्रमाणे तो १४८७ सालचा, बहमनी राजवटीचा आहे, आणि त्यावरचं कोरीव काम वऱ्हाडात दुसरीकडं पाहायला मिळत नाही. या फेरीत तिथं थांबलो तर धारणीतच रात्र होते, म्हणून मी वाचकांना नरनाळा टाळायला सांगतो, आणि हे सांगताना वाईट वाटतं. किल्ला साधारण ९७० मीटर उंचीवर आहे आणि वर आजही तळी आहेत. खाली विहिरीतून मीठ काढलं जात होतं आणि वर कातळात गोडं पाणी साठवलं होतं. या किल्ल्याच्या महत्त्वाचं अर्धं कारण तेवढंच असावं.

खटकालीपासून रस्ता अरुंद होतो. साग, मग बांबू, मग मोहा, तेंदू, आवळा. दिवाळीच्या सुमारास सागाची पानं अजून हिरवी असतात आणि शेंड्यावर फळांचे घोस असतात. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, गाणी बंद करावीत. वाघ दिसणार नाही, त्या आशेनं जाऊच नये. गवे, सांबर, मोर दिसतात. इथं एका कडेला गाडी उभी करून जमिनीचा उतार पाहण्यासारखा आहे. धारगडच्या पुढं कुठंतरी पाणलोटाची कड ओलांडली जाते. दक्षिणेकडचं पाणी वान, शहानूर, चंद्रभागा अशा नद्यांतून पूर्णेला जातं. उत्तरेकडचं खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या नद्यांतून तापीला. कडेवर शेजारी पडलेले दोन थेंब दोन दिशांना जातात आणि थेट मुक्ताईनगरजवळ चांगदेवला, पूर्णा-तापीच्या संगमावर पुन्हा भेटतात. ‘सिपना’ हे नाव कोरकू भाषेतलं, सागावरून आलेलं. सागाच्या रानातून वाहणारी ती सिपना.

मेळघाट व्याघ्रप्रकल्प १९७४चा, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. आज गाभा आणि बफर मिळून क्षेत्र २७६८ चौरस किलोमीटरच्या वर आहे. आपल्या संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्य, १२७ चौरस किलोमीटरचं आणि १९९७ साली घोषित झालेलं, याचाच भाग आहे. सोनाळ्याहून ते हाकेच्या अंतरावर, तरी तालुक्यातल्या कितीतरी माणसांनी ते पाहिलेलं नाही. गाभ्यातली गावं उठवण्याचं काम बोरी, कोहा आणि कुंड या गावांपासून सुरू झालं, ते २००१ ते २००३च्या सुमारास. मग धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी अशी गावं एकेक करून अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर आली. आपल्याकडं अंबाबरवा आणि रोहिणखिडकी उठली. २००८च्या योजनेप्रमाणे कुटुंबामागं दहा लाख रुपये ठरले, पुढं २०२१मध्ये ही रक्कम पंधरा लाख झाली.

धारगडपाशी थांबलं की रिकामी जागा ओळखू येते. गवतात एखादी जुनी चिंच, आंब्याची झाडं एका ओळीत, कुठं जोत्याचे दगड. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी धारगडच्या महादेवाला हजारो लोक येतात, तेवढा दिवस इथं वस्ती असल्यासारखं वाटतं. एरवी हरणं चरतात. जिथं शेतं होती तिथं गवताळ कुरणं झाली आणि वन्यजीवांसाठी ती फार मोलाची ठरली, हे वनविभागाचं म्हणणं खरं आहे. पण खाली आलेल्या कुटुंबांना जमीन, पाणी, दवाखाना, काम यांच्या अडचणी आल्या. म्हाताऱ्यांचे मृत्यू झाल्याच्या तक्रारी झाल्या. काही कुटुंबं जुन्या गावात परत निघून गेली. जानेवारी २०१९मध्ये केलपाणी-गुल्लरघाटच्या बाजूला वनकर्मचारी, पोलीस आणि आदिवासी यांच्यात हाणामारी झाली आणि दोन्हीकडची माणसं जखमी झाली.

या प्रश्नावर माझं मत सांगतो. जंगल रिकामं झालं म्हणून वानचा पाणलोट सुरक्षित राहिला, हे खरं मानलं तरी त्याचा लाभ कुणाला झाला? संत्राबागेला, शेगावच्या नळाला, आमच्यासारख्या सपाटीवरच्या घरांना. आणि डोंगरातून उठून आलेली कुटुंबं वसली कुठं? त्याच सपाटीवर, कधी कधी खाऱ्या पाण्याच्या कडेला. त्यांना मिळालेल्या रकमेला आपण मोबदला म्हणतो. पण पाण्याचं बिल भरताना त्यात धारगडचा किंवा अंबाबरव्याचा वाटा कुठंच दिसत नाही. वाघ राहावा की माणूस, असा वाद घालणं सोपं आहे, कारण त्यात तिसरा वाटेकरी, म्हणजे आपण, बाहेर राहतो.

हरिसाल हे २०१६ साली देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. आता तिथं चहा घ्यावा आणि पुढं निघावं. धारणी मोठी बाजारपेठ आहे. जेवणाची सोय तिथंच करावी. १९९३मध्ये कुपोषणानं गेलेल्या मुलांमुळं मेळघाटचं नाव देशभर झालं. धारणीच्या दवाखान्याबाहेरची गर्दी पाहिली की तो विषय संपला असं म्हणवत नाही.

धारणी तालुक्यात, मुख्य रस्ता सोडून आत, धुळघाट आहे. अकोला–खंडवा मीटरगेज रेल्वे वान नदीच्या खोऱ्यातून वर चढत इथं यायची. डोंगर चढण्यासाठी रुळांनी इथं स्वतःभोवतीच वेढा घातलेला होता. गाडी फिरून येई आणि आपण मघाशी गेलो तोच मार्ग खालून जाताना दिसे. जयपूरहून दक्षिणेत जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस या मार्गानं धावत असे. ज्यांनी त्या गाडीच्या दारात बसून पावसाळ्यातला मेळघाट पाहिला, ते अजून त्याच गोष्टी सांगतात. १९६०च्या आसपास पुरा झालेला हा मार्ग गेजबदलासाठी २०१७च्या सुरुवातीला बंद झाला. पावणेदोनशे किलोमीटरच्या मार्गातले सुमारे ३८ किलोमीटर व्याघ्रप्रकल्पातून जात होते. ब्रॉडगेज तिथूनच न्यायची की बाहेरून, यावर न्यायालयापासून मंत्रालयापर्यंत वाद झाला. अकोला–अकोट तुकडा २०२२मध्ये सुरू झाला. पुढचा मार्ग जंगलाबाहेरून, अडगाव, हिवरखेड, सोनाळा, जामोद, कुवरदेव, खकनारवरून तुकईथडला न्यायचा पर्याय पुढं आला. तो सुमारे तीस किलोमीटरनं लांब आहे. म्हणजे वाघासाठी रेल्वे वळली, आणि ती वळली ती नेमकी आपल्या तालुक्यात. ज्या सोनाळ्याला रेल्वेचा आवाज कधी ऐकू आला नाही तिथं स्टेशन येऊ शकतं. कुवरदेव हे नाव मात्र लक्षात ठेवा, परतीच्या वाटेवर त्याचं काम आहे.

धारणीपासून तापी फार दूर नाही. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या राज्यांनी तापी खोरे महापुनर्भरण प्रकल्पाचा करार केला. कल्पना अशी की, धारणी आणि खालवा यांच्या सीमेवर खारिया-गुटीघाट इथं बंधारा बांधून तापीचं पुराचं पाणी अडवायचं, सातपुड्याच्या दोन्ही पायथ्यांच्या कडेनं कालवे काढायचे आणि त्या गोट्यांच्या पट्ट्यात, बझाड्यात, पाणी मुरवायचं. एकूण ३१.१३ टीएमसी पाण्यापैकी १९.३६ महाराष्ट्राला आणि ११.७६ मध्य प्रदेशाला. लाभाच्या जिल्ह्यांत बुलढाणा आहे, अकोला आहे. सोनाळ्याच्या ओढ्यात सकाळी पाहिलेले गोटे इथं आठवतात. विंधनविहिरींनी ओढलेलं पाणी परत भरायचं, एवढी साधी ही गोष्ट आहे, फक्त प्रचंड मोठ्या मापाची. धारणीकडच्या गावांना बुडिताची धास्ती वाटते, आणि आजवरचा अनुभव पाहता त्यांना वेडं ठरवता येत नाही.

देडतलाई, खकनारवरून बुऱ्हाणपूरकडं जाताना उतार सौम्य आहे. दुपारी तीनच्या आत पोचलं तर कुंडी भंडारा पाहता येतो. हीच कल्पना चारशे वर्षांपूर्वी किती लहान मापात आणि किती नेमकी राबवली होती, ते इथं दिसतं. १६१५च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या उतारातून मुरणारं पाणी जमिनीखालच्या भुयारात गोळा करून शहरापर्यंत आणलं. भुयाराच्या वर ओळीनं शंभरेक कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी तोंडं आहेत. खाली सुमारे ऐंशी फुटांवर भिंतीतून पाणी पाझरतं आणि चुन्याचे पांढरे थर भिंतीवर जमलेले आहेत. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. शहजहानच्या काळात मुघलांची दख्खन मोहीम या शहरातून चाले आणि मुमताज महल १६३१मध्ये इथंच वारली. पण शहर जगलं ते या पाण्यावर. डोंगर पाणी साठवतो, हे ओळखण्यासाठी इराणहून माणूस यावा लागला असं म्हणायला मन घेत नाही. नरनाळ्यावरची तळी तेच सांगत होती. फरक एवढाच की, बुऱ्हाणपूरनं डोंगराचं पाणी घेताना डोंगर रिकामा करवला नाही.

परतीला करोली घाट. उन्हं कलताना हा घाट सर्वांत देखणा दिसतो, आणि सर्वांत धोक्याचाही तेव्हाच असतो, कारण समोरून कापसाचे आणि केळीचे ट्रक येतात. वळणं जपून घ्यावीत. घाट उतरला की जामोदचा मुलूख. या बाजूच्या सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा, वसाली अशा गावांतून निहाल समाजाची काही कुटुंबं निहाली बोलतात. भाषाशास्त्राच्या जगात या गावांचं नाव मोठं आहे, तालुक्यात मात्र ते कुणाच्या गावीही नसतं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिचे सगेसोयरे झारखंड-ओडिशाकडं, संथाली, मुंडारी. पण निहाली कुठल्याच कुळात बसत नाही. १९०६ साली भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात तिची नोंद झाली. डच अभ्यासक कायपर यांनी १९६२मध्ये तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. कोरकू, मराठी, हिंदी, द्राविडी अशा भाषांतून घेतलेले शब्द वेगळे काढले, तरी जवळपास एक चतुर्थांश शब्द असे उरतात की त्यांचा जगातल्या कुठल्याही भाषेशी संबंध लागत नाही. बोलणारे दोन-अडीच हजार. शाळा मराठीत, बाजार मराठीत, शेजार कोरकूचा.

ही भाषा एवढा काळ टिकली ती डोंगर आणि सपाटी यांच्या मधल्या या पट्ट्यात, जिथं पाणी मुरतं तिथंच. मजुरीसाठी माणसं खाली जात आणि परत वर येत. जंगल आणि वावर दोन्ही हाताशी होतं. आता वरचं जंगल बंद होत चाललं आहे, खालची मजुरी दूरच्या शहरात गेली आहे आणि कुवरदेवच्या अंगानं रेल्वेची आखणी आहे. रेल्वे नको असं तिथलं कुणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. आखणी करताना वाघाची मोजणी झाली, पुलांची झाली, झाडांची झाली. निहाली बोलणाऱ्या घरांची मोजणी त्या कागदांत आहे का, एवढं विचारायला हवं. वाघासाठी तीस किलोमीटरचा वळसा घेता येतो, तर एका भाषेसाठी निदान शाळेत दोन तास आणि एक निहाली जाणणारा शिक्षक मागायला कुणाची हरकत असू नये.

जळगाव जामोदला दिवेलागण होते. पूर्णेच्या अंगाला भेंडवळ आहे. अक्षय तृतीयेला तिथं घटमांडणी होते, मातीच्या ढेकळांवरून चार महिन्यांच्या पावसाचं भाकीत सांगतात, आणि वर्तमानपत्रं ते छापतात. तिथून संग्रामपूर आणि वरवट बकाल हा शेवटचा टप्पा सरळ, सपाट आणि थोडा कंटाळवाणा आहे. डाव्या हाताला पहाड असतो, पण अंधारात तो दिसत नाही. फक्त दिव्यांची रांग पायथ्यापाशी तुटते, आणि तिच्या वर कुठंही दिवा नसतो.